विषाणू कुठून आला हा प्रश्न, आणि जिंगतांगला नांगर टाकून राहिलेली बोट

जुवारीकाठ | सोमवार, रात्री ९.४०

माझा भाचा परवा बोटीवर गेला. मुंबईहून विमानाने ऑस्ट्रेलिया, तिथे साइन ऑन, म्हणजे बोटीवर रुजू. बल्क कॅरियर आहे, सुटा माल नेणारी बोट; कोकिंग कोळसा, म्हणजे पोलाद बनवायला लागणारा, भरून उत्तर चीनला जायचं. गोव्यात चिखलीच्या घरी सगळे खुशीत होते, बहिणीने देवापुढे नारळ ठेवला. मी सहज विचारलं, 'माल कुठल्या बंदरात उतरवणार?' तो म्हणाला, 'जिंगतांग.' त्या रात्री मला झोप लागली नाही.

ज्यांच्या घरात कोणी तारवटी नाही त्यांना हे नाव ठाऊक असायचं कारण नाही, म्हणून सविस्तर लिहितो. मी स्वतः २७ वर्षं इंजिन रूममध्ये काढली आहेत.

१३ जून २०२० पासून 'जग आनंद' ही बोट जिंगतांगच्या बाहेर उभी होती. पोटात ऑस्ट्रेलियाचा कोळसा, वर २३ भारतीय खलाशी. तिथून जवळच काओफेदियानला २० सप्टेंबरपासून 'अनास्तासिया' उभी होती, तिच्यावर आपले १६ जण. दोन्ही बोटींना धक्का मिळत नव्हता. माल उतरवू देत नव्हते आणि माणसं बदलू देत नव्हते. कारण विचारलं की साथीचे स्थानिक नियम पुढे केले जात. पण या बोटींच्या मागून आलेल्या काही बोटी माल उतरवून निघूनही गेल्या होत्या, आणि हे आपल्या परराष्ट्र मंत्रालयानेच तेव्हा सांगितलं होतं.

शेवटी जानेवारी २०२१ मध्ये 'जग आनंद' कोळसा पोटात तसाच ठेवून जपानच्या चिबा बंदराला गेली, तिथे खलाशी बदलले आणि ते २३ जण घरी आले. 'अनास्तासिया'वरचे फेब्रुवारीत सुटले. अशाच कोळशाच्या इतरही अनेक बोटी त्या किनाऱ्यावर महिनोन् महिने नांगर टाकून होत्या, त्यांवर कितीतरी देशांची माणसं होती.

अँकरेजला, बंदराबाहेर नांगर टाकून, उभं राहणं म्हणजे काय ते बोटीवर काम केलेल्यालाच कळतं. इंजिन बंद असलं तरी जनरेटर चालू, वॉच चालू, गंज खरवडणं चालू. किनाऱ्यावरचे दिवे दिसतात आणि उतरता येत नाही. पाणी मोजून, भाजी मोजून. आर्टिकल, म्हणजे बोटीवरचा करार, संपलेलं असतं, घरी मुलगी विचारते, 'पप्पा कधी?', आणि सांगायला तारीख नसते. आंतरराष्ट्रीय कायद्याप्रमाणे खलाशाला सलग बारा महिने बोटीवर ठेवता येत नाही. २०२० च्या शेवटी जगभर सुमारे चार लाख खलाशी मुदत संपूनही बोटींवरच होते. त्यातले बहुतेक विमानं बंद म्हणून अडकले होते. जिंगतांगवाल्यांचं मात्र वेगळं होतं. ते अडकले ते दोन देशांच्या भांडणात.

आणि भांडण कशावरून? तर कोरोनाचा विषाणू मुळात कुठून आला याची स्वतंत्र चौकशी व्हावी, असं ऑस्ट्रेलियाच्या परराष्ट्रमंत्री मरीस पेन १९ एप्रिल २०२० रोजी टीव्हीवर म्हणाल्या. त्याच महिन्यात चीनच्या राजदूतांनी एका वर्तमानपत्राला मुलाखत दिली. त्यात त्यांचा सूर असा की आता चिनी माणसं विचारतील, ऑस्ट्रेलियाची वाइन कशाला प्यायची, तिथलं बीफ कशाला खायचं. १२ मे रोजी चार मोठ्या कत्तलखान्यांचं बीफ बंद झालं. १८ मे रोजी बार्लीवर ८०.५ टक्के कर जाहीर झाला. मग वाइन, लाकूड, कापूस, लॉबस्टर आणि ऑक्टोबरपासून कोळसा. कोळशावर लेखी बंदी अशी कधी आलीच नाही. पोलाद कारखान्यांना आणि वीजकेंद्रांना तोंडी सांगितलं गेलं की घेऊ नका. कागदच नसेल तर बोटीवरचा कॅप्टन दाद मागणार कोणाकडे?

प्रश्न साधा होता आणि माझ्या मते रास्त होता. इतकी माणसं मेली, तर कारण शोधायलाच हवं. पण त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांचा त्या प्रश्नाशी काय संबंध? माझ्या मनातून हे जात नाही. इथे खाणीतले, वेर्ण्याच्या कारखान्यांतले, मासळीतले लोक आहेत. तुमचं काय म्हणणं आहे ते वाचायचं आहे.

डिचोलीचा_ट्रकवाला | सोमवार, रात्री १०.२५

बाब, कोळसा, वाइन, लॉबस्टर सगळं अडवलं, पण एक वस्तू चीनने शेवटपर्यंत अडवली नाही, ती म्हणजे लोहखनिज. ऑस्ट्रेलियाची सगळ्यात मोठी निर्यात तीच. चीन बाहेरून जितकं खनिज घेतो त्यातलं निम्म्याहून जास्त तिथूनच येतं. ते बंद केलं तर त्यांच्याच पोलादाच्या भट्ट्या थंड होतात. म्हणजे तत्त्वाचं भांडण म्हणावं तर तत्त्व खनिजापाशी येऊन थांबलं.

मे २०२१ मध्ये खनिजाचा भाव टनाला २०० डॉलरच्या वर गेला. तेव्हा माझा ट्रक दारात उभा होता, टायर जमिनीला चिकटलेले. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लीज रद्द झाल्या आणि १६ मार्चपासून खाणी बंद. दोन मुलांच्या शाळा, बँकेचा हप्ता, आणि मोबाइलवर बातमी की चीनला खनिज सोन्याच्या भावाने जातंय. ऑस्ट्रेलियाच्या तिजोरीने बार्ली आणि वाइनचा मार खनिजावर सोसला. आम्ही काहीच न विकता तो भाव वाचत बसलो.

खाणी का बंद झाल्या त्यात आमच्या लोकांची चूक नव्हती असं मी म्हणणार नाही. २०१०-११ ला गोव्यातून पाच कोटी टनांच्या वर खनिज गेलं, बहुतेक चीनलाच. आमचं खनिज कमी प्रतीचं, जपानी लोक निवडून घ्यायचे, चीन भुकटीसुद्धा घ्यायचा. मग ज्याच्याकडे दोन गुंठे होते त्याने ट्रक घेतला. शेतात लाल चिखल गेला तरी कोणी बोललं नाही. एका गिऱ्हाइकावर सगळं गाव उभं राहिलं की काय होतं ते ऑस्ट्रेलियाच्या शेतकऱ्याला २०२० ला कळलं, आमच्या पाळी-साखळीला त्याच्या आठ वर्षं आधी, २०१२ च्या पहिल्या खाणबंदीत.

बायणा | सोमवार, रात्री ११.०५

कोळशाचं आमच्या बाजूनेही बघा. भारत कोकिंग कोळसा सगळ्यात जास्त ऑस्ट्रेलियाकडूनच घेतो, आणि कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांचा कोळसा मुरगावला उतरतो. चीनने घेणं बंद केल्यावर ऑस्ट्रेलियाने तो कोळसा जपान, कोरिया आणि आपल्याकडे वळवला. २०२१ मध्ये तर चीनच्या गोदामांत अडकून पडलेला वीस लाख टनांच्या आसपासचा कोळसा भारतातल्या कंपन्यांनी सवलतीत उचलला. तो माल एकदा चीनला जाऊन परत आपल्याकडे आला!

याच काळात, नोव्हेंबर २०२० च्या पहिल्या रात्री, चांदरला रेल्वे फाटकावर हजारो माणसं दुपदरीकरणाविरुद्ध बसली होती. मीही होतो. मेणबत्त्या, घुमटाचा ताल, म्हाताऱ्या बायका रुळांवर. आमची मागणी एकच, गोवा कोळशाची वाट नको. आमच्या सोप्यावर रोज सकाळी काळी भुकटी पुसावी लागते, पांढरे कपडे बाहेर वाळत घालता येत नाहीत. त्या रात्री जिंगतांगला माणसं कोळशावर बसून होती हे मला आज तुमच्यामुळे कळलं. एकाच मालाच्या दोन टोकांना आपलीच माणसं.

जुन्या_कागदांतून | मंगळवार, सकाळी ८.१५

जुवारीकाठ, तुमची कळकळ पोचली. एक दुरुस्ती मात्र करतो, कारण 'प्रश्न विचारला म्हणून शिक्षा' इतकं सरळ ते नव्हतं.

बार्लीची चौकशी चीनने नोव्हेंबर २०१८ मध्येच सुरू केली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियाने हुवावे या चिनी कंपनीला फाइव्ह-जी मोबाइल जाळ्यातून बाहेर ठेवलं होतं. परकी हस्तक्षेपाविरुद्धचे कायदे झाले होते. नोव्हेंबर २०२० मध्ये चिनी दूतावासाने पत्रकारांच्या हाती १४ तक्रारींची यादी दिली, त्यात विषाणूची चौकशी ही चौदांपैकी एक. म्हणजे घागर आधीच भरत आली होती.

आणि विचारण्याच्या पद्धतीचंही काही आहे. पंतप्रधान मॉरिसन यांनी शस्त्रनिरीक्षकांना असतात तसे अधिकार आरोग्य निरीक्षकांना द्यावेत असं सुचवलं. शस्त्रनिरीक्षक म्हटलं की कोणाच्याही डोळ्यांसमोर इराक येतो. त्यानंतर जेमतेम महिन्याभरात, १९ मे रोजी, जागतिक आरोग्य परिषदेत युरोपीय संघाच्या पुढाकाराने ठराव आला: निःपक्षपाती, स्वतंत्र आणि सर्वंकष मूल्यमापन व्हावं. त्यात चीनचं नाव नव्हतं. शंभराहून अधिक देशांनी तो मांडला, भारतही त्यांत होता, आणि चीननेही त्याला मान्यता दिली. मागणी जवळजवळ तीच. एकट्याने बोट दाखवून केली तेव्हा भांडण झालं, सगळ्यांनी मिळून केली तेव्हा ठराव झाला. बार्लीवरचा कर आणि हा ठराव यांत एका दिवसाचं अंतर आहे.

रोखठोक | मंगळवार, सकाळी ९.००

पद्धत कसली? चोराला विचारायची पद्धत असते का? साथ वुहानमध्ये सुरू झाली. पहिल्या रुग्णांची माहिती दडवली. डॉक्टर ली वेनलियांग यांना पोलिसांनी बोलावून समज दिली आणि ते फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच रोगाने गेले. ऑस्ट्रेलियाने निदान तोंड उघडलं. आपण सगळ्यांनी मिळून चिनी माल बंद केला असता तर महिन्याभरात खरं बाहेर आलं असतं. आपण ॲप बंद केले आणि गप्प बसलो.

वेर्णा_दुसरी_पाळी | मंगळवार, दुपारी ३.५०

रोखठोक भाऊ, डॉक्टर लींबद्दल तुम्ही लिहिलंत त्याबद्दल दुमत नाही. पण चिनी माल बंद करायचा म्हटलं तर मी जिथे काम करतो तिथलं सांगतो.

मी औषध कारखान्यात गोळ्यांच्या विभागात आहे. वेर्णा, कुंडई, फोंडा इथून देशाला आणि परदेशाला किती औषधं जातात ते गोंयकाराला सांगायला नको. गोळी आपण बनवतो, पण तिचं मूळ द्रव्य, ज्याला आम्ही एपीआय म्हणतो, ते भारत बाहेरून घेतो त्यातलं दोन तृतीयांशाहून जास्त चीनचं. पॅरासिटामॉल घ्या. ते इथे बनवायचं तरी त्याला लागणारं पीएपी नावाचं कच्चं रसायन बऱ्याच अंशी तिकडून येतं. ३ मार्च २०२० रोजी सरकारने २६ औषधद्रव्यांच्या आणि औषधांच्या निर्यातीवर बंधनं घातली, पॅरासिटामॉलसकट. कारण वुहानच्या टाळेबंदीने माल येईना. आमच्या स्टोअरमध्ये ड्रम मोजून ठेवायचे, बॅच कोणाची आधी घ्यायची यावर रोज बैठक व्हायची.

ऑस्ट्रेलिया विकणारा होता. त्याला गिऱ्हाईक गेलं, त्याने दुसरं शोधलं. बार्ली सौदीला गेली, कोळसा आपल्याकडे आला. आपण घेणारे आहोत. तिकडून येणारा माल बंद झाला तर तापाची गोळी बंद होते, आणि तीही साथ चालू असताना. सरकारने त्याच मार्चमध्ये एपीआय देशात बनवण्यासाठी ६,९४० कोटींची योजना मंजूर केली, ते बरंच झालं. पण असा कारखाना उभा राहायला वर्षं लागतात. आंबवून बनवायची द्रव्यं, पेनिसिलिन-जीसारखी, आपल्याकडे एकेकाळी बनत होती. चीनचं स्वस्त आलं आणि आपले कारखाने बंद पडले. ते आपणच होऊ दिलं. आवाज चढवायचा असेल तर आधी हे काम करावं लागेल.

कुटबण | मंगळवार, रात्री ८.१०

मासळीचं मी सांगतो. चीनने विषाणूच्या उगमाची स्वतःची एक गोष्ट पुढे केली होती, ती गोठवलेल्या मालाची. जून २०२० मध्ये पेइचिंगच्या शिनफादी बाजारात रुग्ण सापडले, सामन मासा कापायच्या फळीवर विषाणू मिळाला म्हणाले, आणि परदेशी सामन दुकानांतून गायब झाला. जुलैमध्ये एक्वादोरची कोळंबी. नोव्हेंबरमध्ये आपल्याकडच्या एका निर्यातदाराच्या माणकीच्या खोक्यांवर विषाणूचे अंश सापडले म्हणून आठवडाभर माल बंद.

इथे माणकी आणि बांगडा उतरवणाऱ्या आमच्यासारख्यांना ही खोकी म्हणजे काय ते माहीत आहे. बर्फ, पॅकिंग, कंटेनर, पुढे महिनाभराचा प्रवास. खोकं हाताळणाऱ्या शंभर हातांपैकी कोणाचा विषाणू होता हे कसं सांगणार? पण त्यावरून कंटेनर उभे राहतात. निर्यातदार म्हणतो भाव पाडून घेणार, तांडेल म्हणतो डिझेल कशाने भरू. त्या हंगामात आमच्या धक्क्यावर झारखंड-ओडिशाचे खलाशीही नव्हते, टाळेबंदीत गावी गेलेले.

जागतिक आरोग्य संघटनेचं पथक जानेवारी २०२१ मध्ये वुहानला गेलं. मार्चच्या अहवालात त्यांनी गोठवलेल्या मालाची वाट 'शक्य' म्हटली, मधल्या प्राण्यातून माणसात येणं 'संभाव्य ते अतिसंभाव्य', आणि प्रयोगशाळेतून निसटणं 'अत्यंत असंभाव्य'. संघटनेच्या प्रमुखांनीच लगेच सांगितलं की प्रयोगशाळेची बाजू आणखी तपासायला हवी. ज्याला जी वाट सोयीची, त्याने ती धरली. 'बाहेरच्या मालातून आला' हे म्हणणं खरं मानलं तर आयात अडवायला कारण मिळतं.

सांजवात | मंगळवार, रात्री ११.३०

मी इथे सहसा लिहीत नाही, वाचते.

माझे बाबा मे २०२१ मध्ये गेले. एकसष्ट वर्षांचे होते. म्हापशाच्या बाजारात त्यांचं मसाल्याचं दुकान. अकरा दिवस. शेवटचं बोलणं फोनवर, तेही अर्धं कळलं नाही.

तुम्ही सगळे बार्ली आणि कोळसा आणि खनिज यांवर लिहिताय, मी सगळं वाचलं आणि मला पटतंही. पण मला जाणून घ्यायचं आहे की तो कुठून आला. कोणाला शिक्षा व्हावी म्हणून नव्हे. बाबांना साप चावला असता तर कुठला साप, कुठल्या बांधावर, हे आम्ही शोधलं असतंच ना? आईला अजून वाटतं की दुकान उघडं ठेवू नका म्हणून तिने हट्ट धरायला हवा होता. तिला सांगायला माझ्याकडे काहीतरी खरं हवं आहे. जो तो आपापल्या फायद्यासाठी या प्रश्नाचं हत्यार करतो, आणि मग उत्तर मागणाऱ्या माझ्यासारखीलाही विचारलं जातं, तू कुठल्या बाजूची?

जुवारीकाठ | बुधवार, सकाळी ६.२०

ताई, रात्री तुमचं वाचलं आणि लगेच लिहायला धीर झाला नाही.

तुमची बाजू हीच या प्रश्नाची खरी बाजू आहे असं मला वाटतं. मी बोटीवरच्या माणसांचं लिहिलं, तुम्ही बाबांचं लिहिलंत. दोघांचंही नुकसान एकाच गोष्टीने केलं: प्रश्न बाजारात नेला गेला. वाइनवर २०० टक्क्यांच्या वर कर लागला त्या दिवशी वुहानच्या बाजारातल्या प्राण्यांची यादी काही जगाला मिळाली नाही. कोळसा अडला म्हणून पहिल्या रुग्णांचे नमुने कोणी उघडले नाहीत. उलट दोन्हीकडची माणसं आपापल्या गोष्टीला घट्ट धरून बसली.

आज कुठे आहोत तेही लिहितो, कारण तुम्हाला खरं हवं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे २७ तज्ज्ञांचा वेगळा गट नेमला. त्याचा अहवाल जून २०२५ मध्ये आला. उपलब्ध पुराव्यांचा कल प्राण्यातून माणसात आल्याकडे आहे, वटवाघळातून थेट किंवा मधल्या एखाद्या प्राण्यातून. प्रयोगशाळेची शक्यता तपासताही आली नाही आणि फेटाळताही आली नाही, कारण लागणारी माहिती चीनने दिलीच नाही. सुरुवातीच्या शेकडो रुग्णांमधल्या विषाणूंचे जनुकीय क्रम, बाजारातल्या प्राण्यांचा तपशील, प्रयोगशाळांच्या सुरक्षेचे कागद, सगळं मागितलं होतं. आईंना सांगता येईल ते इतकंच, की दुकान उघडं ठेवण्याचा आणि उगमाचा काही संबंध नाही. मे २०२१ ला तो विषाणू गोव्याच्या घराघरांत होता.

आणि व्यापाराचं काय झालं, तर सगळं गुपचूप मिटलं. ऑस्ट्रेलियात २०२२ मध्ये सरकार बदललं. २०२३ च्या सुरुवातीला कोळसा परत जायला लागला, ऑगस्टमध्ये बार्लीवरचा कर गेला, मार्च २०२४ मध्ये वाइनवरचा, वर्षाअखेरीस लॉबस्टर. जागतिक व्यापार संघटनेकडच्या बार्ली आणि वाइनच्या तक्रारी दोघांनी सामंजस्याने मिटवल्या. विषाणूच्या चौकशीचा विषय त्या समेटात कुठेच नव्हता. भांडण मिटलं आणि प्रश्न तिथेच राहिला, हे मला फार लागतं.

हडफडेकर | बुधवार, सकाळी ११.४५

ताई, तुमच्या पोस्टवर मला आमच्या गावच्या एका माणसाची आठवण झाली.

डॉक्टर आकासियो गाब्रिएल व्हिएगस. जन्म १८५६, हडफडे. मुंबईत मांडवी भागात दवाखाना, नगरपालिकेचे सदस्य. सप्टेंबर १८९६ मध्ये त्यांनी मांडवीतल्या रुग्णांच्या गाठी पाहून सांगितलं की हा गाठीचा प्लेग आहे. हाँगकाँगला १८९४ मध्ये हीच साथ होऊन गेली होती, मुंबईला रोज बोटी येत होत्या. पण 'प्लेग' हा शब्द काढला की बंदर बंद होणार, कापूस आणि कातडी धक्क्यावर पडून राहणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून आधी 'गाठीचा ताप' वगैरे शब्द चालले. मग स्वतंत्र तज्ज्ञांनी तपासून त्यांचं निदान खरं ठरवलं.

आणि जे व्हायचं ते झालंच. १८९७ च्या सुरुवातीला युरोपातले देश व्हेनिसला जमले, हिंदुस्थानातून येणारी माणसं आणि माल कसा अडवायचा ते ठरवायला. त्याच फेब्रुवारीत इंग्रजांनी साथरोग कायदा केला. पुण्यातल्या झडत्या आणि रँडचा वध आपण शाळेत शिकलो, तो याच कायद्याच्या अंमलबजावणीतून. २०२० मध्ये आपल्याला घरात बसवलं ते मुख्यतः आपत्ती व्यवस्थापन कायद्याने, पण राज्यांनी त्याच्या जोडीला हा १८९७ चा कायदाही वापरला.

सुरतला १९९४ मध्ये पुन्हा तेच झालं. प्लेगची बातमी आली आणि विमानं बंद, आखाती देशांनी माल थांबवला. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी ओमिक्रॉन ओळखून तातडीने जगाला कळवलं, तर त्यांच्याच विमानांवर बंदी आली. जो प्रामाणिकपणे सांगतो त्याचा माल आधी अडतो. मग पुढचा का सांगेल? चीनने दडवलं त्याचं समर्थन मी करत नाही. पण सांगितल्यावर माल अडणार नाही, उलट मदत मिळेल, अशी हमी असायला हवी. मे २०२५ मध्ये जागतिक साथ करार मंजूर झाला. रोगजंतूंचे नमुने द्यायचे आणि बदल्यात लस-औषधांत वाटा मिळायचा, या मुद्द्यावर त्यातली घासाघीस सगळ्यात लांबली.

सत्तरीची_लेक | बुधवार, दुपारी १.१०

हडफडेकर म्हणतात ते आम्ही लहान प्रमाणात भोगलंय. २०१५ पासून आमच्याकडे माकडताप. मूळ कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलातला, १९५७ सालचा, गोचिडीतून येणारा. काजूच्या बागेत बोंडं वेचायला जाणाऱ्यांना तो व्हायचा. बीतून कोणाला होत नाही. तरी त्या वर्षी बाजारात काजू घेऊन गेलं की 'कुठल्या गावच्या?' म्हणून आधी विचारायचे, आणि नाव सांगितलं की भाव कमी. पुढच्या वर्षी ताप आला तरी माणसं वाळपईला तपासायला जायला टाळायची, गावाचं नाव परत येईल म्हणून. माझी मावशी अशीच उशिरा गेली. वाचली, पण महिनाभर अंथरुणात होती.

बायणा | बुधवार, दुपारी २.००

मांगोर हिल आठवतंय का कोणाला? जून २०२० मध्ये वास्कोचा तो भाग सील केला. मग महिनाभर चर्चा एकच, वास्कोत आणला कोणी? आमच्या शेजारणीची मासळीची टोपली लोक दारावरून परत पाठवायचे, 'वास्कोची नको' म्हणून. ती मांगोरला राहतही नव्हती.

रोखठोक | बुधवार, सायंकाळी ६.३०

सांजवात ताई, मी वर तावातावाने लिहिलं. माझा धाकटा काका त्याच मे महिन्यात गेला, म्हणून राग आहे. माहिती दडवणाऱ्याला जबाबदार धरायलाच हवं, हे माझं मत कायम आहे. पण माल बंद केला असता तर महिन्याभरात खरं बाहेर आलं असतं, हे माझं वाक्य मी मागे घेतो. वेर्णावाल्यांचं आणि सत्तरीच्या ताईंचं वाचून ते टिकत नाही.

सांजवात | गुरुवार, सकाळी ७.५०

सगळ्यांचं वाचलं. जुवारीकाठ काका, तुम्ही लिहिलेलं वाक्य मी आईला काल रात्री वाचून दाखवलं, घराघरांत होता ते. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने उठून दिवा लावला.

रोखठोक दादा, काकांबद्दल वाईट वाटलं.

हडफडेकर, त्या डॉक्टरांचा मुंबईत कुठे पुतळा आहे का? पुढच्या आठवड्यात नणंदेकडे गिरगावला जाते आहे.

हडफडेकर | गुरुवार, सकाळी ९.१५

आहे. धोबीतलावला, मेट्रो सिनेमाच्या समोर. गिरगावातून चालत जाण्यासारखं.

जुवारीकाठ | गुरुवार, रात्री १०.०५

भाच्याचा निरोप आला. माल भरून झाला, पहाटे सुटतात. सोळा-सतरा दिवसांची वाट आहे. मी त्याला एवढंच लिहिलं की पोचल्यावर धक्का मिळाला की कळव, नाही मिळाला तरी कळव.

ताई, पुतळ्याखाली काय कोरलंय ते वाचून इथे लिहा.